साळवे मॅडम, सहा ते साडेसात

सर्व संबंधितांना, आणि ज्यांचा काही संबंध नाही त्यांनाही, या लेखाद्वारे जाहीर करण्यात येते की, समोरासमोर न बसता, चेहरा न बघता, नुसत्या तारेवरून माणसाच्या मनावर इलाज करण्याची पद्धत पुण्या-मुंबईत किंवा परदेशात सुरू झालेली नसून ती नगर जिल्ह्यात, नेवासे तालुक्यात, मुक्काम घोडेगाव येथे, आमच्या भाड्याच्या घराच्या मधल्या खोलीत, पिठाच्या डब्याशेजारी सुरू झाली. काळ : एकोणीसशे नव्वदचं दशक. साक्षीदार : मी, माझी बायको मंदा आणि एक काळा, जड, तबकडीचा फोन. कुणाची हरकत असल्यास त्यांनी ती लेखी कळवावी. मी उत्तर देणार नाही.

माझी पुतणी सध्या पुण्यात हेच काम लॅपटॉपसमोर बसून करते. परवा ती मला त्यातले नियम समजावून सांगत होती. समोरच्याच्या खोलीत दुसरं कुणी नाही ना, ते आधी विचारायचं. संपर्क तुटला तर कुणी कुणाला फोन करायचा, ते आधी ठरवायचं. तो माणूस या घडीला नेमका कुठे बसलाय आणि त्याच्या जवळपास राहणारं कोण, ते लिहून ठेवायचं. मी म्हणालो, "बाळ, हे सगळं मला पाठ आहे. यावर मी सही केलेली आहे."

तिला वाटलं, काका थट्टा करतोय. म्हणून साळवे मॅडमबद्दल लिहिणं भाग आहे.

आमच्या आळीत फोन एकच, तो आमचा. लग्नाच्या वर्षी अर्ज केला होता, पोरगी दुसरीत गेली तेव्हा फोन आला. आला त्या दिवशी आम्ही त्याला हार घातला, पेढे वाटले, आणि दुसऱ्या दिवसापासून तो आमचा राहिला नाही. आळीतल्या प्रत्येकानं आमचा नंबर आपापल्या पाहुण्यारावळ्यांना देऊन टाकला. लग्नपत्रिकांवर, दुकानांच्या पाट्यांवर, एका टेम्पोच्या मागच्या फळीवरसुद्धा आमचा नंबर होता आणि त्यापुढे 'पी. पी.' अशी दोन अक्षरं. याचा अर्थ, फोन शेजाऱ्याचा आहे, माणूस बोलावून देतील. मी हायस्कुलात भूगोल शिकवायचो आणि उरलेल्या वेळात माणसं बोलावून द्यायचो.

साळवे मॅडम आमच्या समोरच्या बाजूला, तीन घरं सोडून राहायच्या. पुण्याच्या एका सरकारी इस्पितळात मनोरुग्णांच्या विभागात समुपदेशक म्हणून पंचवीस वर्षं काढून, मुदतीआधीच निवृत्ती घेऊन, वडिलांनी बांधलेल्या दोन खोल्यांत राहायला आल्या होत्या. एकट्या. उंची पाच फुटांच्या आत. केस पांढरे आणि कापलेले. सुती साडीखाली पांढरे कॅनव्हासचे बूट. मनगटावर पुरुषी घड्याळ, तेही तबकडी आतल्या बाजूला फिरवलेलं. असं उलटं का, म्हणून मी एकदा विचारलं.

"रडणाऱ्या माणसासमोर हात वर करून वेळ बघितली तर त्याला ते कळतं, सर. असं घातलं की हात मांडीवर असतानाच दिसते."

फोनवर रडणाऱ्याला घड्याळ काय, मॅडमही दिसत नव्हत्या. तरी तबकडी आतच.

तर या मॅडम एका रविवारी सकाळी आमच्याकडे आल्या, खुर्चीत बसल्या आणि पिशवीतून दोन वस्तू काढल्या. एक, काचेच्या चौकटीतलं त्यांचं लायसन. दुसरा, टाइप केलेला कागद. म्हणाल्या, तालुक्यातली माणसं माझ्या दारात यायला लाजतात. 'वेड्यांच्या मॅडमकडे' जाताना कुणी बघितलं तर सोयरीक मोडते. पण फोन कुणाला दिसत नाही. तेव्हा माझा स्वतःचा फोन येईपर्यंत, रोज संध्याकाळी सहा ते साडेसात, तुमचा फोन मला द्या. अर्ज मी कालच भरलाय.

कागदावर लिहिलं होतं : 'या घरातील फोनवर कोण आले, काय बोलले, किती रडले, याची वाच्यता आम्ही कोठेही करणार नाही.' खाली आमच्या दोघांच्या सह्यांसाठी रेघा.

मंदा माहेरची सोनईची. तिनं कागद दोनदा वाचला. "मॅडम, सही करते मी. पन गिरणीवाली इचारल तवा काय सांगू? तिला तर आपल्या घरात भाजी कोनती झाली ते बी ठावं असतं."

"सांगा, मॅडम भाचीशी बोलतात."

"रोज दीड तास?"

"भाची लांब आहे म्हणावं."

आम्ही सह्या केल्या. लायसन फोनच्या वरच्या खिळ्याला टांगलं गेलं. फोन करणाऱ्याला ते दिसणार नाही, हे मी नम्रपणे सुचवलं. त्यावर मॅडमनी तोडगा काढला. नव्या माणसाचा फोन आला की त्या आधी आपला नोंदणी क्रमांक संथ आवाजात, अंक सुटे करून, वाचून दाखवायच्या. एका गृहस्थानं तो आदरानं ऐकून घेतला आणि त्याला वाटलं आता आपली पाळी, म्हणून आपल्या ट्रॅक्टरचा नंबर सांगितला. मॅडमनी तो लिहून घेतला. म्हणाल्या, "असू दे. वेळ आली तर माणूस शोधायला उपयोगी पडेल."

सहाला आमच्या घराचं रूपच पालटायचं. मधल्या खोलीचं दार बंद. बाहेरच्या खोलीत रेडिओ मोठ्यानं, म्हणजे आतलं काही बाहेर ऐकू येऊ नये. रेडिओवर त्या वेळेला शेतीचे कार्यक्रम असायचे. माझ्या बायकोच्या नावावर एक गुंठा जमीन नव्हती, पण वर्षभरात उसावरच्या हुमणी किडीबद्दल ती इतकं बोलू लागली, की शेजारचे बागायतदार सल्ल्याला यायला लागले.

मॅडमची एक गोष्ट मात्र मला समजायची नाही. सहाला येऊन बसायला त्या तयार नसत. फोन वाजला, आणि मंदानं ओट्यावर उभं राहून "मॅऽडम, फोऽन!" अशी हाक मारली, की मगच यायच्या. मंदा किती वेळा म्हणाली, "अवो, येऊनच बसा की सहाला. मला बी ओरडावं लागनार न्हाई."

"नको मंदाताई. फोन नसताना लोकांच्या घरात बसून राहणं बरं नाही. हाक मारा."

हाक मारली की मिनिटाच्या आत मॅडम आळी ओलांडून हजर. मंदाचं म्हणणं, त्या बुटांच्या नाड्या बांधून दाराआड उभ्याच असतात. तोवर फोनवरच्या माणसाला मंदा थोपवून धरायची, तेही मॅडमच्याच शब्दांत : "आधी बूड टेकवा. मॅडम येत्यात."

हे 'आधी बूड टेकवा' म्हणजे मॅडमच्या शास्त्राचा पाया. उभ्यानं दुःख सांगायचं नाही. खुर्ची नसेल तर पोतं, पोतं नसेल तर जमीन, पण बसायचं. मग पाणी प्यायचं. मग विचारायचं : दुपारी काय जेवलात? 'जेवलो' एवढं चालायचं नाही, काय ते सांगायचं. भाकरी कशासोबत खाल्ली ते आठवेना, म्हणजे प्रकरण गंभीर. मग पुढचं : लाईन तुटली तर परत तुम्ही लावायची, दहा मिनिटांत. नाही लावलीत तर तुमच्या शेजाऱ्याकडे निरोप धाडीन, तेव्हा शेजाऱ्याचं नाव सांगा. आणि शेवटी : दार लावून घ्या.

या शेवटच्या नियमावर एकदा सगळं अडलं. फोन शनिशिंगणापूरचा होता. पलीकडची बाई म्हणाली, "मॅडम, दार कुठून लावू? आमच्या गावात दारंच नसत्यात."

पंचवीस वर्षांच्या अनुभवात ही अडचण आली नव्हती. मॅडम म्हणाल्या, "बरं. मग पाठ भिंतीला लावा आणि तोंड गोठ्याकडे करा. गाई कुणाला सांगत नाहीत."

पण प्रश्न तसाच राहिला. अर्धी माणसं एसटीडी बूथमधून बोलायची, काचेच्या खोक्यात, आणि बाहेर रांग कान लावून उभी. पलीकडचा माणूस नुसता 'बरं हाय, बरं हाय' म्हणत राहायचा. मॅडम अस्वस्थ होत्या. अशात बाजाराच्या दिवशी त्यांनी मला सोबत नेलं. घोडेगावचा जनावरांचा बाजार सगळ्यांना माहीत आहे. तिथे भाव तोंडानं बोलत नाहीत. विकणारा आणि घेणारा हात हातात देतात, वरून उपरणं टाकतात, आणि आत बोटं दाबून आकडे ठरतात. भोवती शंभर माणसं उभी असली तरी सौदा त्या दोघांतच. मॅडम दोन तास उन्हात उभ्या राहून ते बघत होत्या. एका व्यापाऱ्यानं विचारलंसुद्धा, "बाई, बैल पाहिजे का गाय?"

"आकडे पाहिजेत," मॅडम म्हणाल्या.

दुसऱ्या दिवसापासून नवी पद्धत. तोंडानं हवामानाबद्दल बोला, पण मनावर आज किती ओझं आहे ते रिसीव्हरवर बोटानं टकटक करून सांगा. एक म्हणजे हलकं. पाच म्हणजे सोसवत नाही. बूथबाहेरच्या रांगेला काय कळतंय!

पहिल्याच आठवड्यात एका जनावरांच्या व्यापाऱ्याचा फोन आला. (सहीचा भंग करत नाही, हा किस्सा त्यानं स्वतःच पुढे भर बाजारात सांगितला.) राहुरीच्या बूथवरून बोलत होता. मॅडमनी विचारलं, किती? टक, टक, टक, टक, टक. पाच! आणि नेमकी लाईन तुटली. दहा मिनिटं झाली, फोन नाही. मॅडम दार उघडून बाहेर आल्या. मी त्यांचा चेहरा असा कधी बघितला नव्हता. "सर, मोपेड काढा."

मी जीव मुठीत धरून राहुरी गाठली. बूथवाल्यानं दाखवला तो इसम शेजारच्या गाडीवर भज्यांची दुसरी प्लेट खात होता. वर मिरच्या. मी धापा टाकत म्हणालो, "अहो, तुम्ही पाच सांगितलं ना?"

"व्हय."

"मग?"

"मग काय? मी पाच सांगितलं, आता मॅडम दोन म्हनतील, मग मी चार म्हनीन, तीनावर सौदा जमंल. पहिल्याच बोलीला खरा आकडा कोन सांगतंय सर? तुमी कधी बैल इकलाय का न्हाई?"

मॅडमनी हे ऐकलं, आणि हसल्या नाहीत. वही उघडून लिहून ठेवलं. मग त्यांच्या ध्यानात आलं की बायकांचं बरोबर उलटं आहे. घरात आभाळ कोसळलेलं असलं तरी बाई दोनच्या वर टकटक करत नाही. तेव्हापासून त्या व्यापाऱ्यांच्या आकड्यातून दोन वजा करायच्या आणि बायकांच्या आकड्यात दोन मिळवायच्या. हा हिशेब एकदाही चुकला नाही, असं त्या सांगायच्या.

लाईनींचंही तेव्हा काही खरं नव्हतं. एकदा एक बाई नवऱ्याबद्दल सांगत असताना मध्येच तिसरा पुरुषी आवाज आला : "ताई, अशा मानसाला सोडून द्या सरळ!" कुठल्या तरी कांद्याच्या आडतीची लाईन आमच्या लाईनीला चिकटली होती.

मॅडम कडाडल्या. "कोण बोलतंय? तुमच्याकडे लायसन आहे का?"

"न्हाई."

"मग ठेवा फोन. सल्ला तर शेजारीही देतात. इथं ऐकण्याचं काम चाललंय."

आणि आडत्यानं खरंच फोन ठेवला.

दर गुरुवारी सहाच्या ठोक्याला एक फोन सुप्याहून यायचा. तिकडच्या एमआयडीसीत काम करणारा कुणी तरी होता, यापलीकडे मला काही माहीत नाही. एका गुरुवारी मधल्या खोलीतून मॅडमचा आवाजच येईना. मी दार किलकिलं केलं. मॅडम रिसीव्हर कानाला लावून बसल्या होत्या, डोळे मिटून. पाच मिनिटांनी बघितलं, तशाच. मी खुणेनं विचारलं, लाईन गेली का? त्यांनी रिसीव्हरवर तळवा धरला आणि कुजबुजल्या, "बोलत नाहीये. पण आहे."

असे आठ गुरुवार गेले. नवव्या गुरुवारी आतून मॅडमचं हसू ऐकू आलं. "वांग्याची? आणि तुम्ही स्वतः केलीत?" बाहेर रेडिओवर ठिबक सिंचन चालू होतं. मंदानं डोळ्याला पदर लावला.

मॅडमबद्दल मात्र आम्हाला काहीच ठाऊक नव्हतं. मंदानं एकदा आडून विचारलं, "मॅडम, सणावाराला तुमच्याकडं कोन येतं?" मॅडम म्हणाल्या, "मंदाताई, तुम्ही दुपारी काय जेवलात?" विषय संपला. त्यांच्या घरी मी दोनदाच गेलो असेन. एक कॉट, पुस्तकं, कोनाड्यात बुद्धाची छोटी मूर्ती, आणि एकच खुर्ची. त्यांनी मला तिच्यावर बसवलं आणि स्वतः उभ्या राहिल्या. म्हणून मी लगेच निघालो.

अशी चार वर्षं गेली आणि एका मे महिन्यात माझी बदली झाली. आमच्या संस्थेच्या शाळा जिल्हाभर, त्यामुळे घोडेगावचा मास्तर अकोले तालुक्यात, म्हणजे जिल्ह्याच्या पार दुसऱ्या टोकाला. पंधरा जूनला हजर व्हायचं होतं. मला घराची, पोरीच्या शाळेची काळजी नव्हती. फोन काढून नेल्यावर सहाला फोन करणारी माणसं काय करतील? सुप्याचा माणूस गुरुवारी नंबर फिरवील, आणि घंटा रिकाम्या घरातसुद्धा वाजणार नाही.

मॅडमना सांगितलं. "काढू काही तरी मार्ग," म्हणाल्या.

आधी मी माझा फोन त्यांच्या नावावर करता येतो का, ते बघितलं. टेलिफोन ऑफिसातले साहेब म्हणाले, फक्त रक्ताच्या नात्यात. मग एकच वाट उरली. मॅडमचा स्वतःचा अर्ज चार वर्षं पडून होता. ऑफिसात जाऊन बसायचं, हात जोडायचे, निकड सांगायची, आणि नंबर वर घ्यायला लावायचं. पण मॅडम कधी नव्हे त्या टाळाटाळ करायला लागल्या. सोमवारी ऊन फार. मंगळवारी साहेब रजेवर असतील. बुधवारी त्यांचे बूट ओले होते. ऐन मे महिन्यात!

शेवटी मंदा त्यांच्या दारात जाऊन उभी राहिली. "मॅडम, तुमचा फोन लागल्याबिगर मी सामान बांधनार न्हाई. ह्यांना एकट्याला जाऊ द्या अकोल्याला. मी हितंच ऱ्हाते, हाका मारायला." मला कुणी विचारलं नव्हतं.

गुरुवारी सकाळच्या एसटीनं आम्ही तिघं तालुक्याच्या टेलिफोन ऑफिसात गेलो. वाटेत मी भाषण जुळवत होतो. 'महोदय, ही एका घराची सोय नसून...' असं काहीसं.

पुढचं सांगण्याआधी एक खुलासा करतो, म्हणजे वाचकाचा जीव टांगणीला राहायला नको. फोन झाला. आमचं सामान ट्रकमध्ये चढण्याच्या आदल्या दिवशी लाईनमननं मॅडमच्या कॉटशेजारी लाल रंगाचा कोरा फोन बसवला, नवा नंबर सगळ्यांना आधीच सांगून झाला होता, आणि सुप्याचा एकही गुरुवार चुकला नाही. पुढे बारा वर्षं मॅडम त्या फोनवर बसल्या. पण मला सांगायचंय ते त्या सकाळचं.

काउंटरवरच्या क्लार्कनं भलंमोठं रजिस्टर उघडलं. आमच्या मागे दहा-बारा माणसं रांगेत. कुणाची पेन्शन, कुणाचं बिल. मी घसा खाकरून 'महोदय' एवढंच म्हणालो होतो.

"साळवे, घोडेगाव?" क्लार्कचं बोट एका ओळीवर थांबलं. त्यानं चष्मा वर केला. "यांचा नंबर तर कधीच लागला होता. अर्ज केल्यावर दुसऱ्याच वर्षी. इथून पत्र गेलंय. एकदा नाही, दोनदा."

"पत्र गहाळ झालं असेल," मी म्हणालो.

"गहाळ कसलं? उत्तर आलंय ना." त्यानं फायलीतून दोन पोस्टकार्डं काढून काउंटरवर ठेवली. अक्षर मी ओळखलं. वहीतलंच, सुटं आणि सरळ. 'तूर्त आवश्यकता नाही. पुढील अर्जदारास द्यावा.' दोन्हींवर तेच.

मी मॅडमकडे बघितलं. मंदानं बघितलं. ज्या बाईनं सबंध तालुक्याला दार लावून, हळू आवाजात, सावकाश बोलायला शिकवलं, ती काउंटरची कड दोन्ही हातांनी धरून उभी होती आणि तिचे कान लाल झाले होते.

"बाई, कमाल करता," क्लार्क म्हणाला. "लोक इथं फोनसाठी आमदाराच्या चिठ्ठ्या आणतात, आणि तुम्ही चालून आलेला दोनदा परत धाडता? घरात फोन नको असं कुणाला वाटतं का? काय अडचण काय होती?"

रांगेतली माणसं पुढे सरकून ऐकायला लागली. आणि मग, सगळ्या ऑफिसात ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं, मॅडमच्या तोंडून निघून गेलं :

"अहो, माझ्या घरी वाजला असता तर तो मीच उचलला असता ना! मग मला हाक कोण मारणार होतं?"